माझ्या स्लिपवर कपात होती, त्याच्या नव्हती

मला कळलं ते एका रिकाम्या रकान्यामुळे.

ऑगस्ट २०२३. डेंग्यूचे दिवस होते. नागपूरला धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सातपासून प्लेटलेट काउंटसाठी रांग लागायची. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरली, तेव्हा माझ्यासोबत ड्युटीवर असलेला टेक्निशियन फोन घेऊन आला. त्याला गाडीसाठी कर्ज हवं होतं. बँकेने तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एकाच फाइलमध्ये मागितल्या होत्या आणि त्या कशा जोडायच्या हे त्याला जमत नव्हतं. "ताई, जरा करून द्या ना."

मी जोडत असताना नजर कपातीच्या रकान्यावर गेली. पीएफ होता. व्यवसाय कर २०० रुपये होता. ईएसआयसमोर काहीच नव्हतं. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, तो महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू असतो. पगार त्याच्या वर असला की ती कपात होत नाही. माझ्या स्लिपवर दर महिन्याला १३८ रुपये कापलेले असायचे. म्हणून मग वरची बेरीज पाहिली. त्याचा पगार २५,२०० होता. माझा १८,४००.

मी २०१६पासून त्या लॅबमध्ये होते, तो जून २०२१मध्ये आला. दोघांचंही शिक्षण डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. त्याला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट मीच शिकवली होती. आपल्या विदर्भात ती रोजच लागते, आणि तो बाहेरून आल्यामुळे त्याने ती फारशी केलेली नव्हती.

फाइल पाठवून दिली, "झालं बघ" म्हटलं आणि सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्ताच्या ट्यूब गरगर फिरवणारं मशीन, लावायला गेले. ट्यूब समोरासमोर बॅलन्स न करताच झाकण लावलं. मशीन थरथरायला लागलं तेव्हा भानावर आले. सात वर्षांत ही चूक माझ्याकडून झाली नव्हती.

घरी आईला सांगितलं. ती काटोलकडची, बोलणं थेट. म्हणाली, "काऊन? तू काय त्याच्यापेक्षा कमी सुया टोचून राहिली का?"

पुढचे दोन आठवडे मी त्या मुलाशी नीट बोलले नाही, हे लिहून ठेवायला हवं. त्याचा काही दोष नव्हता, हे कळत होतं. तरी तो हसला की चीड यायची, चहा पाजला की वाटायचं ह्याला काय, परवडतंय. एका नाइटला त्याने विचारलंच, "ताई, माझं काही चुकलं का जी?" मी नाही म्हटलं, आणि त्या रात्री ठरवलं की हा राग जिथे जायला हवा तिथे न्यायचा.

पहिला प्रश्न होता, हे फक्त माझ्याच बाबतीत आहे का? आपल्याकडे कुणाला पगार विचारणं म्हणजे घरात डोकावल्यासारखं. शिवाय आमच्या नेमणूकपत्रात पगार गोपनीय ठेवण्याची अट होती. मग सुचलं की पगार विचारायची गरजच नाही. डबा खाताना मी एकेकीला सहज विचारलं, "तुझी ईएसआय कापतात का गं?" आम्ही चार बाया टेक्निशियन होतो. चौघींचीही कापत होते. मग पुरुष टेक्निशियनांना विचारलं. ते तिघे होते. एकाचीही नाही. कुणीही आकडा सांगितला नाही, कुणाचीही अट मोडली नाही, आणि एकवीस हजारांची रेघ आमच्यामधून नेमकी कुठून जाते ते दिसलं.

त्यातल्या एका पुरुषाचं वेगळं होतं. ते दादा बीएस्सी, अठरा वर्षांचा अनुभव, सगळ्या सेक्शनचे इन्चार्ज. त्यांना जास्त मिळत असेल तर ते रास्तच आहे. उरलेल्या दोघांत आणि आमच्यात मात्र मला फरक सापडेना.

मी आधी तोंडी बोलले. मॅनेजर वाईट माणूस नाही. कोविडमध्ये माझ्या घरच्यांसाठी ऑक्सिजन सिलिंडर शोधायला तो रात्रभर फिरला होता. पण त्या दिवशी तो एकामागून एक कारणं काढत गेला. आधी म्हणाला, पगाराची चर्चा करणंच नियमाबाहेर आहे. मग म्हणाला, "त्याच्यावर घर आहे मॅडम. तुमचे मिस्टर तर बुटीबोरीला कंपनीत आहेत ना?" मग म्हणाला, त्याने मुलाखतीत मागितला, तुम्ही कधी मागितलाच नाही. शेवटी म्हणाला, २०२१मध्ये टेक्निशियन मिळत नव्हते, म्हणून द्यावा लागला.

हे शेवटचं खरं होतं, आणि मी ते मान्यही केलं. त्या एप्रिल-मेमध्ये नागपुरात काय परिस्थिती होती ते इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. कोविड पेशंटच्या सीआरपी आणि डी-डायमर तपासण्यांचे रिपोर्ट आम्ही रात्री तीनला सोडत होतो. हात मिळत नव्हते आणि जो आला त्याने जास्त मागितलं. पण त्याच जून महिन्यात आमच्याकडे एक मुलगीही लागली होती. तोच डिप्लोमा, तोच तुटवडा. तिला १५,५०० दिले होते, त्याला २२,०००. तिने स्वतःहून मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका लहान झाला होता की जणू चूक तिचीच होती.

मग लेखी अर्ज दिला. पानभरच. मी आणि त्या मुलीने, दोघींनी सह्या केल्या. बाकीच्या दोघी म्हणाल्या, आम्हाला यात घेऊ नका. घरी नवऱ्याने एवढंच विचारलं, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, तर दुसरी पाहू. दोघांनाही ठाऊक होतं की घराचा हप्ता आणि आईची औषधं मला मिळणाऱ्या पगारावर नीट बसवलेली आहेत. तिची बीपी-शुगरची औषधं तर ईएसआयमधूनच येत होती.

उत्तर आलं पंचवीस दिवसांनी. त्यात लिहिलं होतं की सर्व टेक्निशियनचं मूळ वेतन समान, म्हणजे ११,००० आहे. वरची रक्कम 'विशेष भत्ता' असून ती रात्रपाळी आणि यंत्र हाताळणीच्या जबाबदारीनुसार दिली जाते. वाचताना क्षणभर मलाच वाटलं, बरोबर असेल का हे?

मला माहीत नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा आहे आणि त्यात स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. मी एका सुट्टीच्या दिवशी, बुधवारी, सिव्हिल लाइन्सला गेले, अर्ज भरला आणि पॅनलवरच्या एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी लॅबचं उत्तर वाचलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "भत्ता म्हटलं म्हणून तो पगारातून बाहेर जात नाही."

१९७६च्या समान वेतन कायद्यात पारिश्रमिक म्हणजे मूळ वेतन आणि त्यावर रोख किंवा वस्तूच्या रूपात मिळणारं सगळं. त्यामुळे ११,००० सारखे दाखवून उरलेला फरक भत्त्यात टाकण्याला त्या कायद्यात जागा नव्हती. दुसरं, 'सारखं काम' म्हणजे काय हेही त्यात लिहिलेलं होतं: ज्याला लागणारं कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी, परिस्थिती सारखी, आणि काही फरक असलाच तर तो नोकरीच्या अटींच्या दृष्टीने व्यवहारात महत्त्वाचा नाही असं काम. वकीलबाईंनी हे शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहिले आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकासमोर पुरावा आणा. रडून काही होणार नाही, रजिस्टर आणा."

यात मला जे सापडलं ते मला अजूनही नवल वाटायला लावतं. आमचं कामच असं आहे की ते रोज सहीनिशी होतं. रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटरवर रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, चालवतो, त्याचा बिंदू लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर लावतो आणि खाली सही करतो. बिंदू दोन एसडीच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर गेला तर काय केलं ते लिहितो, पुन्हा सही. कॅलिब्रेशन, रीएजंट बदलणं, फ्रिजचं तापमान, सगळ्यावर सही. त्यांच्या पत्रातली 'यंत्र हाताळणीची जबाबदारी' त्या चार्टवर नावानिशी होती. ऑगस्ट ते डिसेंबरच्या चार्टवर त्याच्यापेक्षा माझ्या सह्या जास्त निघाल्या. ड्युटी चार्टवर त्या पाच महिन्यांत त्याच्या ३१ नाइट होत्या, माझ्या २९. दोन नाइटच्या फरकाने महिन्याला ६,८०० रुपये होत नाहीत.

एक गोष्ट वकीलबाईंनी फार कडक शब्दांत सांगितली: पेशंटचं नाव असलेला एकही कागद बाहेर न्यायचा नाही, फोटोही काढायचा नाही. मी फक्त आमच्याच ड्युटी चार्टची नोंद वहीत उतरवली, तारखांसकट. कंट्रोल चार्टचे महिने आणि पानं लिहून ठेवली आणि अर्जात ती मूळ कागदपत्रं मागवण्याची विनंती केली.

आणि त्याची स्लिप? ती माझ्या फोनमध्ये होती, कारण मीच जोडून पाठवली होती. तीच जोडली असती तर काम सोपं झालं असतं. मी दोन रात्री यावर विचार केला. त्याने ती मला विश्वासाने दिली होती, कर्जासाठी. माझ्या भांडणासाठी नाही. मी ती डिलीट केली आणि वकीलबाईंना सांगितलं की हा कागद माझ्याकडे नाही असं समजा. त्या म्हणाल्या, नसला तरी चालेल. त्या कायद्याच्या नियमांनुसार मालकाला एक रजिस्टर ठेवावं लागायचं, नमुना 'ड'. त्यात कामाचा प्रकार, त्या कामावर पुरुष किती, स्त्रिया किती आणि वेतनाचा दर काय हे सगळं येतं. आपण आकडा सांगायचाच नाही, त्यांच्याकडूनच मागायचा.

जानेवारी २०२४मध्ये सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार आणि दावा, नमुना 'अ' आणि नमुना 'ब', प्रत्येकी तीन प्रतींत दाखल केले. कारकुनाने शिक्का मारून माझी प्रत परत दिली तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहिली. इतका हलका कागद.

मग वाट पाहणं आलं. पहिल्या तारखेला लॅबकडून कुणीच आलं नाही. दुसऱ्या तारखेला मॅनेजर आला, रजिस्टर न आणता. दरम्यान लॅबमध्ये माझी मशीनवरची ड्युटी कमी झाली आणि दिवसचे दिवस ब्लड कलेक्शनच्या खुर्चीत बसवलं जाऊ लागलं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी आत गेले की गप्पा थांबायच्या. सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला, कारण तारखांसाठी वकीलबाई होत्या, या शांततेसाठी कुणी नव्हतं.

एक दिवस मॅनेजरने मला ऐकू जाईल असं म्हटलं की सारखंच करायचं असेल तर त्याचाच पगार खाली आणतो. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. त्या मुलाचं गाडीचं कर्ज मीच तर करून दिलं होतं. संध्याकाळी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही, कायद्यातच मनाई आहे. बरोबरी करायची तर कमी असलेल्याचा वर न्यायचा, जास्त असलेल्याचा खाली आणायचा नाही. मी हे कलम कागदावर उतरवून त्या मुलाच्या हातात दिलं. तेव्हा पहिल्यांदा त्याच्याशी सगळं बोलले.

तो बराच वेळ तो कागद धरून उभा होता. मग म्हणाला, "ताई, मला बोलावून विचारलं त्यांनी. स्लिप कोणी दाखवली म्हणून. मी म्हटलं मीच दाखवली, माझी आहे, मी कोणालाही दाखवीन." मला वाटत होतं मी त्याला यातून बाहेर ठेवलं. तो आधीच आत उभा राहिला होता.

तिसरी तारीख मे महिन्यात होती. सकाळी अकरालाच डांबर मऊ झालेलं. ऑफिसातला कूलर आवाज फार करत होता आणि हवा कमी देत होता. लॅबचे सल्लागार रजिस्टर घेऊन आले. एका शाईत, एका हाताने, एका दमात लिहिलेलं वाटत होतं. त्यात पुरुष 'टेक्निशियन' होते आणि आम्ही चौघी 'असिस्टंट टेक्निशियन'.

मी आयुष्यात कधी असिस्टंट टेक्निशियन नव्हते. नेमणूकपत्र पुढे ठेवलं, त्यावर टेक्निशियन. अधिकाऱ्यांनी कंट्रोल चार्टची पानं मागवली होती, त्यांवर माझ्या सहीखाली छापलेलं पद टेक्निशियन. वकीलबाईंनी ऑड्री डिकोस्टा यांच्या खटल्याचा १९८७चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत त्या कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर होत्या, आणि कंपनीचं म्हणणं होतं की पुरुष स्टेनोग्राफरांचं काम वेगळं. कोर्टाने नाव बाजूला ठेवून काम पाहिलं. पैसे नाहीत ही सबबही चालणार नाही असं त्याच निकालात आहे. सल्लागारांनी निकाल वाचला, मॅनेजरकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन फोन केला. वीस मिनिटं.

त्याच दुपारी अधिकाऱ्यांसमोर लेखी समझोता झाला. एप्रिलपासून माझा पगार २५,२००. जून २०२१ला लागलेल्या मुलीचाही तितकाच, आणि सह्या न केलेल्या दोघींचाही. मागच्या फरकापोटी आम्हा दोघींना प्रत्येकी ६०,००० रुपये, तीन हप्त्यांत.

माझा मागचा फरक हिशेबाने दोन लाखांच्या वर जात होता. वकीलबाई म्हणाल्या होत्या की पुढे लढता येईल, पण वेळ लागेल. मी साठ हजारांवर सही केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तरी त्या दिवशी दुसरं काही केलं असतं असं म्हणवत नाही. ज्या दोघींनी सह्या केल्या नव्हत्या त्यांच्याबद्दल मला विचारतात. त्यांतली एक घटस्फोटित, लहान मुलगा, भाड्याचं घर. तिने सही केली नाही म्हणून तिचं काम कमी झालं नव्हतं. तिला मिळालं, याचा मला आनंद आहे.

जूनची स्लिप आली. त्यात व्यवसाय कर २०० रुपये कापलेला होता. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला तो माफ आहे, मी आता त्याच्या वर गेले होते. ईएसआयची कपात मात्र होती, १८९ रुपये. मध्येच पगार वाढला तरी वर्गणीचा कालावधी संपेपर्यंत ती चालू राहते, माझ्या बाबतीत सप्टेंबरपर्यंत. म्हणजे आज ना उद्या सोमवारीपेठेचं ईएसआय हॉस्पिटल सुटणार होतं. आईची औषधं आता आम्ही विकत आणतो. महिन्याला अकराशेच्या घरात जातात. वाढीतून हे वजा करूनच मी हिशेब मांडते, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते.

१९७६चा कायदा आता वेगळा उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली आणि तो तिच्यात गेला. लिंगावरून वेतनात भेदभाव नको हे तिच्या सुरुवातीच्याच कलमांत आहे, आणि दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पण तिथेही आधार स्त्री-पुरुष भेदाचाच. हे मला नीट कळलं ते आमच्या होम कलेक्शनच्या मुलामुळे.

तो एजन्सीमार्फत लागलेला. पहाटे पाचला मनीषनगरपासून कोराडी रोडपर्यंत घरोघरी जाऊन सॅम्पल आणतो. त्याच्यासोबतचा दुसरा मुलगा लॅबच्या पगारावर आहे, तेच काम, आणि त्याला चार हजार जास्त. तो मला म्हणाला, "ताई, माझं पण लिहून द्या ना." मी वकीलबाईंना विचारलं. दोघेही पुरुष, म्हणून माझ्या दाव्याचा रस्ता त्याला नाही. पण कंत्राटी कामगाराच्या जुन्या नियमांत तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकं वेतन देण्याची अट होती, तिथून काही निघतं का ते पाहता येईल, असं त्या म्हणाल्या. आधी काम कागदावर हवं.

त्याच्याकडे सहीचं रजिस्टर नाही. म्हणून त्याने शंभर पानी वही घेतली आहे. कोणत्या दिवशी किती घरं, किती ट्यूब, गाडीचे किती किलोमीटर. रविवारी तो पहिली वीस पानं दाखवायला येतो आहे. आईने त्याच्यासाठी तर्री-पोह्याचे चणे भिजत घातले आहेत.